एफपीजीए, रेडिएशन आणि निवडक टीएमआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याकडचा, पोटासाठी एफपीजीए बोर्डांवर काम करतो (एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण स्वतः लिहून ठरवतो अशी चिप). दरवर्षी फायनल इयरचे प्रोजेक्ट सुरू झाले की पोरं तेच तेच विचारतात, रेडिएशनमध्ये चिप चुकू नये म्हणून सर्किटचा नेमका कुठला भाग तिप्पट करायचा (हाच निवडक टीएमआर), कोणी फोनवर, कोणी व्हॉट्सॅपवर, आणि एकाने तर चवथीला आरती संपल्यावर हातात नेवरी असताना विचारलं, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. क्रम असा काही नाही, ज्याला जे हवं ते वाचा.

आधी हे सांगा, रेडिएशनने चिपमध्ये नेमकं होतं काय?

एखादा जोरात आलेला कण सिलिकॉनमधून गेला की त्याच्या वाटेवर चार्ज तयार होतो, आणि तो चार्ज नेमका मेमरी सेलच्या नाजूक जागी गोळा झाला की 0 चा 1 होतो किंवा 1 चा 0. चिप जळत नाही, काही तुटत नाही, परत लिहिलं की सेल पहिल्यासारखा चालतो. याला सिंगल इव्हेंट अपसेट म्हणतात, एसईयू. अंतराळात हे कण म्हणजे कॉस्मिक किरणांतले जड आयन, सूर्याकडून येणारे प्रोटॉन आणि पृथ्वीभोवतीच्या पट्ट्यांत अडकलेले प्रोटॉन. खाली जमिनीवर मुख्यतः न्यूट्रॉन, कॉस्मिक किरण वरच्या हवेवर आपटून तयार झालेले. आणि एक घरभेदी सुद्धा आहे, चिपच्या पॅकेजच्याच मटेरियलमध्ये युरेनियम-थोरियमचा अंश असला की त्यातून अल्फा कण निघतात. इंटेलच्या मे आणि वुड्स यांनी 1978 मध्ये मेमरी चिपमधल्या गूढ एरर्सचं कारण म्हणून हेच दाखवलं होतं.

पण बिट तर कुठल्याही चिपमध्ये उलटतो, एफपीजीएचंच एवढं कौतुक का?

कारण एसरॅमवाल्या (वीज असेपर्यंतच लक्षात ठेवणारी मेमरी) एफपीजीएमध्ये तुमचं सर्किटच मेमरीत लिहिलेलं असतं. प्रोसेसरमध्ये बिट उलटला तर डेटा चुकतो. इथे कॉन्फिगरेशनचा, म्हणजे सर्किट ठरवणारा बिट उलटला तर अँड गेटचा भलताच गेट होतो, किंवा एक वायर तुटते, किंवा दोन वायरी एकमेकींना चिकटतात, आणि ते तसंच राहतं, क्लॉकच्या पुढच्या ठोक्याला आपोआप बरं होत नाही. कॉलेजात सगळ्यांकडे असतो तो आर्टिक्स-7 चा 35टी घ्या, त्याची बिटस्ट्रीम, म्हणजे चिपमध्ये सर्किट लिहिणारी फाईल, साधारण 1 कोटी 75 लाख बिटची आहे. त्यातले बरेचसे तुमच्या डिझाइनला लागतच नाहीत, ते उलटले काय न उलटले काय, कोणाला कळणार पण नाही. जे लागतात त्यांचीच काळजी, आणि तिथूनच 'निवडक' ही गोष्ट सुरू होते.

आम्ही गोव्यात, समुद्रसपाटीला. आम्हाला कशाला हे?

खरं सांगायचं तर इथे टेबलावर बोर्ड ठेवून बसलात तर आयुष्यात एकदा सुद्धा बघायला मिळणार नाही बहुतेक. आपण तर आणखी सुरक्षित जागी आहोत. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे कॉस्मिक किरण परतवून लावतं, आणि दक्षिण भारताच्या आसपास हा उंबरठा 17 गिगाव्होल्टच्या (कण किती जोरात असायला हवा त्याचं माप) जवळ आहे, जगातल्या सगळ्यात उंच उंबरठ्यांपैकी एक. न्यूयॉर्कला समुद्रसपाटीला तासाला एका चौरस सेंटीमीटरवर 10 एमईव्ही ऊर्जेच्या वरचे सुमारे 13 न्यूट्रॉन धरतात, आपल्याकडे त्याच्या साधारण निम्मे.

पण तुम्ही बनवलेली वस्तू गोव्यातच राहील कशावरून? दाबोळीवरून उडालेल्या विमानात 40,000 फुटांवर हा मारा जमिनीच्या शेकडो पट असतो. वास्कोच्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, तिथून अंटार्क्टिकाच्या मैत्री आणि भारती तळांचं काम चालतं, आणि तिकडे ध्रुवाजवळ तो चुंबकीय उंबरठा जवळपास नाहीच. उपग्रहाचं तर बोलायलाच नको.

दुसरी गोष्ट संख्येची. समजा चिपची एरर रेट 1750 फिट आहे, म्हणजे 100 कोटी तासांत 1750 अपसेट. एका चिपला 65 वर्षांत एक, कोण काळजी करतो. पण तसे 1000 बोर्ड फील्डमध्ये लावले की दर 24 दिवसांनी त्यातला कुठला तरी एक वेडा होणार, आणि फोन तुम्हालाच येणार.

शिशाच्या डब्यात घातलं तर?

हा प्रश्न मला दरवर्षी येतो म्हणजे येतोच. नाही. थोडं ॲल्युमिनियम कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन-प्रोटॉन अडवतं, टोटल डोससाठी, म्हणजे हळूहळू साठत जाणाऱ्या रेडिएशनसाठी, त्याचा उपयोग आहे, पण जे कण खरे बिट उलटवतात ते डब्याच्या आरपार जातात, आणि जड धातूत आपटून वर आणखी नवे कण तयार करतात. वजन वाढवून त्रास विकत घेतल्यासारखं.

टीएमआर म्हणजे काय, आणि हा व्होटर कोण?

ट्रिपल मॉड्युलर रिडंडन्सी. एकच सर्किट तीनदा बनवायचं, तिघांना तेच इनपुट द्यायचं, आणि पुढे मेजॉरिटी गेट ठेवायचं, दोघं जे म्हणतील ते खरं. त्या गेटला व्होटर म्हणतात, तीन इनपुटचा असतो, एका लूकअप टेबलात (एफपीजीएमधला लॉजिकचा छोटा ठोकळा) बसतो. दोन तृतीयांशाचं गणित गोवेकरांना वेगळं शिकवायची गरज नाही. कल्पना जुनी आहे, फॉन नॉयमनने बेभरवशाच्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं बनवायचं यावर 1956 मध्ये लिहिलं, आणि सॅटर्न-5 रॉकेटच्या कॉम्प्युटरचं लॉजिक तिहेरी होतं.

व्होटिंगचा विषय निघालाच आहे तर, बेल्जियममध्ये शारबेक इथे 2003 च्या निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला 4096 मतं जादा मिळाली. 4096 म्हणजे 2 चा बारावा घात, एक बिट उलटल्यासारखं नेमकं. कण कोणी पकडून दाखवला नाही अर्थात, पण संशय त्याच्यावरच गेला.

मग सगळंच तिप्पट करू, प्रश्न मिटला!

मिटला असता, चिपमध्ये जागा असती तर. तीन कॉपी अधिक व्होटर म्हणजे तिपटीच्या वर जातं, पॉवर पण त्याच हिशोबाने, आणि व्होटर मधे आल्यामुळे सिग्नलला उशीर होतो, टायमिंग घसरतं. हिशोब करा ना. 35टी मध्ये 20,800 लूकअप टेबल आहेत. समजा तुमचं डिझाइन 10,000 चं आहे. सगळं तिप्पट केलं तर 30,000, बसतच नाही, मोठी चिप घ्या, मोठा बोर्ड घ्या, गाईडला समजवा. आता समजा त्यातला खरा नाजूक भाग 1200 चा आहे, तेवढाच तिप्पट केला तर 10,000 अधिक 2400, वर व्होटर, आरामात बसतं.

मग निवडायचं काय? हाच तर प्रश्न आहे.

हाच आहे. पावसात लाईट गेली की आपण इन्व्हर्टरवर अख्खं घर टाकत नाही, दोन ट्यूब, फॅन आणि वायफाय टाकतो, गिझर टाकत नाही, कारण पाणी गार राहिलं तर कोणी मरत नाही. इथे पण प्रश्न तोच, काय चुकलं तर चालेल आणि काय चुकलं तर चालणारच नाही.

बहुतेक जण इथे एक चूक करतात, 'महत्त्वाचा' ब्लॉक शोधायला जातात. कॅमेऱ्याचं डिझाइन असेल तर म्हणतात इमेज प्रोसेसिंग सगळ्यात महत्त्वाचं, तेच तिप्पट करू. उलटं आहे बाबांनो. इमेजच्या पाइपलाइनमध्ये डेटा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो, मागे वळत नाही. तिथे कॉन्फिगरेशन बिट उलटला तर काही फ्रेममध्ये ठिपके दिसतील, तो बिट दुरुस्त झाला की चार-पाच क्लॉकमध्ये जुना कचरा वाहून जाईल आणि चित्र परत स्वच्छ. पण त्याच डिझाइनमधला एक छोटा ॲड्रेस काउंटर घ्या, जो आपली आधीची किंमत घेऊन त्यात 1 मिळवतो. त्याची किंमत एकदा चुकली की बिट दुरुस्त केला तरी तो चुकलेल्या आकड्यावरूनच पुढे मोजत राहतो, रीसेट करेपर्यंत. पहिली एरर जाणारी, दुसरी ठाण मांडून बसणारी, पर्सिस्टंट म्हणतात तिला.

अमेरिकेत ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी आणि लॉस अलामोसच्या लोकांनी, प्रॅट, वर्थलिन वगैरे, 2006 मध्ये पार्शल टीएमआर म्हणून हेच मांडलं. आधी फीडबॅकवाला भाग तिप्पट करा, म्हणजे स्टेट मशीन, काउंटर, ॲक्युम्युलेटर, जिथे आऊटपुट फिरून इनपुटला येतं. मग जागा उरली तर त्या फीडबॅकला खायला घालणारं लॉजिक, कारण तिथून चुकीची किंमत आत शिरली तर ती आत मुक्काम करणार. मग त्याच्यातून बाहेर निघणारं. सरळ पुढे वाहणारा भाग सगळ्यात शेवटी, जमलं तर.

दुसरी एक पद्धत आहे, सामुद्राला, रामोस आणि काटकोरी यांची, 2004 ची. त्यात प्रत्येक गेटच्या इनपुटवर 0 किंवा 1 असण्याची शक्यता काढतात आणि त्यावरून कुठल्या गेटवरचा अपसेट पुढे जाईल ते ठरवतात. साधं बघा, अँड गेटचा एक पाय जवळजवळ नेहमी 0 असेल तर दुसऱ्या पायावर काही झालं तरी आऊटपुट हलत नाही, मग त्या गेटवर जागा कशाला घालवायची. पण याला इनपुटचा अंदाज लागतो, आणि तुमचा अंदाज चुकला तर निवड पण चुकली. मला स्वतःला फीडबॅकवाला रस्ता जास्त आवडतो, कारण तो डिझाइनच्या रचनेवर चालतो, नशिबावर नाही.

फीडबॅक कुठे आहे ते डोळ्यांनी कसं शोधणार, हजारो नेट (वायरी) आहेत!

डोळ्यांनी नाही शोधायचं. नेटलिस्ट, म्हणजे गेट आणि वायरींची यादी, हा एक ग्राफच, गेट म्हणजे गाठी, वायर म्हणजे बाण. ज्या गाठींवरून निघून परत त्याच गाठीला पोचता येतं त्यांचा एकेक गट निघतो, स्ट्राँगली कनेक्टेड कंपोनंट, तुम्ही डेटा स्ट्रक्चर्सला टार्जनचा अल्गोरिदम घोकला होता तोच. पायथनमध्ये संध्याकाळभराचं काम आहे. व्होटर अशा जागी टाकायचे की प्रत्येक चक्र कुठे तरी तोडलं जाईल, आणि शक्यतो फ्लिप-फ्लॉपच्या (एक बिट धरून ठेवणारा भाग) पुढे-मागे टाका.

व्होटर शेवटी एकच टाकला तर नाही चालणार?

नाही चालत, आणि का ते घुमट आरतीवरून समजतं. तिघं घुमट वाजवतायत, एकाचा हात चुकला. तो बाकी दोघांचं ऐकत असेल तर पुढच्या समेला परत त्यांच्यात येतो. पण तिघांना तीन खोल्यांत बसवलं आणि आपण बाहेर उभं राहून दोघांचं जुळतं ते धरलं, तर आत्तापुरती आरती ठीक वाटेल, पण चुकलेला चुकलेलाच राहणार, आणि उद्या दुसरा चुकला की आपल्याकडे धरायला काही नाही.

म्हणून फीडबॅकच्या आतच व्होटर हवा, म्हणजे बिघडलेली कॉपी प्रत्येक क्लॉकला बहुमताची किंमत घेऊन स्वतःला सुधारते. आणि व्होटर पण तीन हवेत, प्रत्येक कॉपीला आपला एक, नाहीतर एकट्या व्होटरचाच बिट उलटला की तिघांची मेहनत पाण्यात.

मी तीन कॉपी लिहिल्या पण युटिलायझेशन रिपोर्ट (चिपची किती जागा लागली तो) तेवढाच दाखवतो?

हाहा. स्वागत आहे. सिंथेसिस टूलला, म्हणजे तुमच्या कोडचं सर्किट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाटतं तुम्ही वेडे आहात, एकच गोष्ट तीनदा लिहिली, म्हणून ते दोन कॉपी काढून टाकतं आणि वर खूश होतं की जागा वाचवली. मी स्वतः एकदा पूर्ण आठवडा 'टीएमआर केलेलं' डिझाइन टेस्ट करत होतो, सगळं मस्त चालत होतं, मग कोणीतरी विचारलं की लूकअप टेबल किती वाढले, आणि बघतो तर अकरा. अकरा!! सगळ्या कॉपी गायब. त्या तिन्ही कॉपींवर आणि व्होटरवर डोन्ट-टच किंवा कीपचं ॲट्रिब्यूट लावा, सारखे रजिस्टर एकत्र करायचं ऑप्शन बंद करा, आणि प्लेस-रूट (चिपवरची मांडणी आणि वायरिंग) झाल्यावर नेटलिस्ट उघडून मोजा. मोजल्याशिवाय विश्वास नको.

स्क्रबिंग करतोय, मग टीएमआर कशाला? किंवा टीएमआर आहे, मग स्क्रबिंग कशाला?

दोन्ही लागतात. स्क्रबिंग म्हणजे कॉन्फिगरेशन मेमरी सतत वाचून किंवा चांगल्या कॉपीवरून परत लिहून उलटलेले बिट सरळ करणं. 7-सीरिजमध्ये (आर्टिक्स-7 त्यातलीच) एक फ्रेम, म्हणजे कॉन्फिगरेशनचा एक तुकडा, 3232 बिटची, तिच्यात ईसीसी (चूक पकडणारे जादा बिट) असतो, त्यावरून कुठला बिट बिघडला ते कळतं. पण बिट उलटल्यापासून स्क्रबर तिथे पोचेपर्यंत लाखो क्लॉक जातात, तेवढ्यात काउंटर भरकटलेला असतो, आणि स्क्रबर सर्किट दुरुस्त करतो, फ्लिप-फ्लॉपमधली किंमत नाही.

आता उलट बाजू, जी ऐकून लोक दचकतात. दुरुस्ती नसेल तर टीएमआर लांबच्या पल्ल्यात एकट्या सर्किटपेक्षा वाईट आहे. एका कॉपीची टिकण्याची शक्यता आर असेल तर तिघांची येते 3 गुणिले आरचा वर्ग वजा 2 गुणिले आरचा घन. आर 0.9 घाला, 0.972 येतं, छान. आर 0.5 घाला, 0.5 च येतं. 0.4 घाला, 0.352, घसरलं की! दुरुस्तीशिवाय सरासरी आयुष्य काढलं तर एकट्याच्या पाच षष्ठांश येतं. कारण सोपं आहे, एक कॉपी गेल्यावर उरलेल्या दोघांतला कोणीही गेला की संपलं. म्हणून पहिली कॉपी बिघडल्यावर दुसरी बिघडायच्या आत पहिली उभी राहायला हवी, हे काम स्क्रबिंगचं.

बीरॅमचं (चिपच्या आतली डेटाची मेमरी) काय?

बीरॅममधला डेटा चालू असताना बदलतो, त्याची 'चांगली कॉपी' कुठेच नसते, त्यामुळे कॉन्फिगरेशन स्क्रबिंग त्याला वाचवत नाही. ईसीसी चालू करा, आणि मधून मधून प्रत्येक ओळ वाचून सुधारून परत लिहा, नाहीतर एकाच ओळीत दोन चुका साठतात आणि मग ईसीसी फक्त सांगतो, सुधारत नाही. लूकअप टेबल शिफ्ट रजिस्टर किंवा छोटी रॅम म्हणून वापरत असाल तर स्क्रबर लावताना जपून, त्याचा डेटा कॉन्फिगरेशनच्याच पोटात असतो. मी तर अशा डिझाइनमध्ये ते टाळतोच.

सगळं नीट केलं तरी एकाच बिटने डिझाइन पडलं, असं कसं?

दोन-तीन ठिकाणं बघा. क्लॉक आणि रीसेट एकच ठेवलाय का? तो बिघडला की तिन्ही कॉपी एकदम. इनपुट पिन एकच आहे का? मग ती तर एकटीच आहे. आणि तिसरं, जे शोधायला खरंच वेळ लागतो, राउटिंगचा एक स्विच-बिट असा असतो की तो उलटला तर दोन वेगवेगळ्या कॉपींच्या वायरी एकमेकींना जोडल्या जातात, मग तीनातले दोन एकदम खोटं बोलतात आणि व्होटर बिचारा प्रामाणिकपणे खोट्याला निवडून देतो. कॉपी जितक्या एकमेकींत मिसळलेल्या तितकं हे जास्त. फ्लोअरप्लॅनमध्ये (चिपवरच्या मांडणीत) वेगळ्या ठेवायचा प्रयत्न करा, पण मग वायरी लांब होतात आणि टायमिंग रडतं.

फिल्टर आहे, डीएसपीचं (सिग्नल प्रोसेसिंगचं) काम आहे, थोडी चूक चालते. काही स्वस्तात?

आहे. एक पूर्ण अचूकतेची कॉपी ठेवा आणि दोन कमी बिटांच्या, समजा 16 च्या जागी 6 बिट. मोठीचं उत्तर छोट्यांच्या जवळपास असेल तर मोठीचं घ्या, फार लांब असेल आणि दोन्ही छोट्या एकमेकींशी सहमत असतील तर छोटीचं. बारीक चुका निसटतात, मोठ्या पकडल्या जातात. सिग्नल प्रोसेसिंगला हे फार बरं पडतं. कंट्रोल लॉजिकला मात्र अजिबात नाही, स्टेट मशीनला 'जवळपास बरोबर' असं काही नसतं.

कणांचा बीम नाही, ॲक्सिलरेटर नाही, टेस्ट कसं करायचं?

दिल्लीच्या आयुएसी संशोधन केंद्राचा आणि मुंबईचा असे दोन पेलेट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारी यंत्रं, आहेत, जड आयनांच्या टेस्ट तिथे होतात, पण बीटेकच्या प्रोजेक्टसाठी तिथपर्यंत जायची गरज नाही. फॉल्ट इंजेक्शन करा. बिट स्वतःच उलटवायचा, जेटॅग केबलवरून किंवा चिपच्या आतल्या आयकॅप पोर्टमधून, मग डिझाइन चालवायचं, न बिघडवलेल्या कॉपीच्या आऊटपुटशी जुळवायचं, आणि बिट परत सरळ करायचा. इथे थांबू नका. बिट सरळ केल्यावर, रीसेट न देता, आऊटपुट आपोआप जुळायला लागलं का ते पण नोंदवा. नाही जुळलं तर तो बिट पर्सिस्टंट. सगळे बिट करायला वेळ नसेल तर रँडम सॅम्पल घ्या, पण आधी आणि नंतर सॅम्पल तेवढंच ठेवा. फॉल्ट इंजेक्शनने फ्लिप-फ्लॉपवरचे थेट अपसेट आणि एका कणाने उलटलेले अनेक बिट नीट पकडले जात नाहीत, हे रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहा, एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) तेच विचारणार.

फ्लॅशवाली किंवा अँटिफ्यूजवाली चिपच घेतली तर?

बजेट असेल तर घ्या की. अँटिफ्यूजमध्ये जोडणी एकदाच कायमची होते, उलटायला बिटच नाही, आणि फ्लॅशचे कॉन्फिगरेशन सेल अशा कणांना फारसे बधत नाहीत. मायक्रोचिपच्या आरटीजी4 या फ्लॅशवाल्या चिपमध्ये तर फ्लिप-फ्लॉप आतूनच तिहेरी आहेत. झायलिंक्सची व्हर्टेक्स-5क्यूव्ही एसरॅमवाली असून सेलच कणखर बनवलेले. पण किंमत ऐकून बसायला खुर्ची लागेल, आणि एक्सपोर्ट लायसन्सची कटकट वेगळी.

टीएमआर केलं म्हणजे लॅचअपपासून पण वाचलो ना?

नाही नाही नाही. लॅचअपमध्ये कणामुळे चिपच्या आत पॉवरपासून ग्राउंडपर्यंत शॉर्टसारखी वाट उघडते, करंट चढतो आणि वेळेत बंद केलं नाही तर चिप कायमची जाते. तिथे तीन कॉपी एकाच चितेवर. त्यासाठी बोर्डवर करंट लिमिट आणि पॉवर कापणारं सर्किट लागतं. तसंच कधी कधी कण कॉन्फिगरेशनच्या कंट्रोल लॉजिकवरच बसतो आणि अख्खी चिप गप्प होते, त्याला बाहेरचा वॉचडॉग (चिप गप्प झाली की रीसेट देणारा) हवा, आतला वॉचडॉग ठेवलात तर तो पण तिच्याबरोबर झोपणार.

किती टक्के तिप्पट केलं म्हणजे पुरे?

असा आकडा नसतो, आणि कोणी सांगितला तर विचारा कुठल्या डिझाइनचा. फीडबॅकचा भाग तिप्पट करा, फॉल्ट इंजेक्शन चालवा, पर्सिस्टंट बिट किती उरले बघा, त्यातला सगळ्यात मोठा ढीग कुठल्या ब्लॉकमधून येतोय ते शोधा, तो तिप्पट करा, परत चालवा. दोन-तीन फेऱ्यांनंतर जागा वाढत जाते आणि उरलेले बिट फारसे कमी होत नाहीत, तिथे ग्राफ आडवा पडतो. तो ग्राफ रिपोर्टमध्ये टाका, एक्स्टर्नल त्याच्यावर पाच मिनिटं तरी बोलतो आणि तेवढा वेळ तुम्हाला पाणी प्यायला मिळतो.